माशाच्या पोटातला मासा

वेंगुर्ले बंदरावर सुरमई कापली जात असताना एकदा जवळ उभे राहून पाहा. पोट चिरले की कधी कधी आतून अर्धवट विरघळलेली तारली बाहेर पडते. सुरमईने शेवटचे काय खाल्ले, याचा हा बिनतोड पुरावा. पण कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या माशाचे पोट चिरणार कसे?

सुरुवात दातांपासून करावी लागते. शेजारच्या टोपलीतल्या पाखटाचे तोंड उघडून पाहा (शेपटीच्या काट्याला मात्र हात लावू नका!). सुरमईचे दात धारदार पात्यांसारखे, तर पाखटाचे फरसबंदीसारखे. दाब म्हणजे बल भागिले क्षेत्रफळ, हे तुम्ही वर्गात शिकलाच आहात. तेच बल बारीक टोकावर एकवटले की दाब प्रचंड वाढतो आणि दात मांसात घुसतो. पण तशा दाताने शिंपला फोडू गेल्यास दातच मोडेल. तेथे रुंद, बोथट, भक्कम दात हवा.

हाच हिशेब चंद्रपूर जिल्ह्यात वरोऱ्याजवळच्या डोंगरगावी लावता येतो. तेथील लॅमेटा थरांतल्या, सुमारे ७ कोटी वर्षांपूर्वीच्या माशांचे वर्णन आर्थर स्मिथ वुडवर्ड यांनी १९०८ मध्ये प्रसिद्ध केले. त्यांपैकी एक पिक्नोडस लॅमेटी. या गटातील माशांच्या तोंडात वाटोळ्या, गुळगुळीत दातांच्या ओळी असतात, जणू वाटाणेच मांडून ठेवले आहेत. कवच फोडणारे हे तोंड. दुसरा लेपिसोस्टिअस इंडिकस, गार माशांच्या कुळातला. गार उत्तर अमेरिकेतील नद्यांत आजही आहेत. त्यांच्या लांबट जबड्यात सुयांसारखे दात असतात आणि ते मुख्यतः मासे पकडून खातात. म्हणजे एकाच गावच्या खडकात दोन वेगळ्या पंगती!

पण थांबा. प्राणी काय खाऊ शकत होता, एवढेच दात सांगतो. त्याने खरोखर काय खाल्ले, ते कळायला पोटच हवे, आणि क्वचित तेही दगडात सापडते. अमेरिकेतील कॅन्सास राज्यात १९५२ मध्ये झिफॅक्टिनस नावाच्या सुमारे ४ मीटर लांब माशाचा सांगाडा मिळाला. त्याच्या बरगड्यांच्या आत गिलिकस हा दुसरा अख्खा मासा होता, तोही सुमारे १.८ मीटर लांब! आतली हाडे जशीच्या तशी होती. म्हणजे पचनाला वेळच मिळाला नाही. गिळणारा लगेच मेला. भक्ष्याच्या धडपडीने त्याला आतून इजा झाली असावी, असे म्हणतात. हा झाला तर्क; न पचलेली हाडे हा पुरावा.

घरी मासळी आली की आधी दात पाहून त्या माशाचा आहार वहीत लिहा, मगच पोट पाहा. अंदाज चुकला तर तोही खोडू नका.