पाणी वर कसे चढते?

पाणी उताराकडे धावते हे आपल्याला ठाऊकच आहे. पण ते वरही चढते, असे मी म्हटले तर तुम्ही हसाल. मीही हसलो होतो.

त्या दिवशी गुरुजींनी बशीत लाल शाईचे पाणी ओतले आणि त्यात खडू उभा केला. थोड्या वेळाने पाहतो तो काय, खडू निम्मा लाल! कोणी ढकलले नाही, कोणी ओढले नाही.

गुरुजी म्हणाले, "खडूत बारीक बारीक छिद्रे असतात. पाणी त्यांच्या भिंतींना चिकटते. वाट रुंद असली तर मधल्या जड पाण्यापुढे भिंतीचे काही चालत नाही. वाट अरुंद झाली, की बहुतेक पाणी भिंतीजवळच येते. मग भिंत म्हणेल तसे ते वागते."

१ मिलिमीटर पोकळीच्या स्वच्छ काचनळीत पाणी सुमारे ३ सेंटिमीटर चढते. पोकळी १० पट बारीक, म्हणजे केसाएवढी केली, तर सुमारे ३० सेंटिमीटर चढते! म्हणूनच याला केशाकर्षण म्हणतात.

घरी आजोबांना हे सांगितले. ते म्हणाले, "अरे, म्हणून तर आपण कोळपतो! एक कोळपणी, अर्धे पाणी." मला वाटायचे, कोळपे फक्त तण काढायला असते. पण मातीच्या कणांमध्येही अशाच केसासारख्या वाटा असतात. खालचा ओलावा त्यांतून वर येतो आणि उन्हाने उडून जातो. कोळपले की वरची माती मोकळी होते, वाटा तुटतात, भेगाही बुजतात. पावसाने ओढ दिली, की हाच राखलेला ओलावा आपल्या मराठवाड्यात कपाशीला तारतो.

आता दुसरी गोष्ट. माझे मामा वाळूजला औषधाच्या कारखान्यात आहेत. मोठ्या भांड्यात रसायने एकत्र केली, की कधी कधी फार उष्णता होते. मधली उष्णता भिंतीपर्यंत लवकर पोचत नाही, म्हणून स्फोटाचे भय असते. मामांची रात्रपाळी असली, की मामीला झोप लागत नाही.

मी गुरुजींना विचारले, "मग तिथे बारीक नळ्या का नाही लावत?" गुरुजी खूश झाले. ते म्हणाले, "पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. अमोल कुलकर्णी यांनी हेच काम केले आहे." तिथे भांड्याऐवजी बारीक नळ्यांतून रसायने वाहती ठेवतात. एका वेळी रसायन थोडेच आणि भिंत अगदी जवळ, त्यामुळे उष्णता चटकन बाहेर जाते. अडचण एकच. अरुंद वाटेत द्रव खळखळत नाहीत, शेजारी शेजारी शांतपणे वाहतात आणि लवकर मिसळत नाहीत. म्हणून नळीला वळणे द्यावी लागतात. डॉ. कुलकर्णी यांना २०२० सालचे शांतिस्वरूप भटनागर पारितोषिक मिळाले.

मामांच्या कारखान्यात अजून मोठीच भांडी आहेत. दिवाळीला मामा आले, की मी त्यांना आधी खडू दाखवणार आहे आणि मग नळीची गोष्ट सांगणार आहे.

तुम्हीही हा प्रयोग करून पाहा. मात्र खडू गुरुजींना विचारून घ्या हं!

— इयत्ता सातवीचा एक विद्यार्थी