अभिरूप न्यायालय : विद्यार्थ्यांचा लटका खटला



वैद्यकीचा विद्यार्थी पहिली शस्त्रक्रिया जिवंत माणसावर करीत नाहीं; आधीं शवावर हात बसवितो. वकिलीच्या विद्यार्थ्यास ही सोय नसेल तर काय होईल? त्याचा पहिला युक्तिवाद कोणा गरीब अशिलाच्या बांधावर किंवा पोटगीवर होईल. चूक वकिलाची, आणि बांध जावयाचा अशिलाचा! हें टाळण्यासाठीं कायद्याच्या महाविद्यालयांत जी योजना असते, तिला अभिरूप न्यायालय म्हणतात. खटला लटका, पक्षकार काल्पनिक. परंतु कायदा खरा आणि श्रमही खरे.

ही रीत नवी नव्हे. लंडनच्या ‘इन्स ऑफ कोर्ट’ ह्या वकिलांच्या संस्थांत अशा लटक्या खटल्यांची प्रथा कित्येक शतकांपूर्वींच होती. आपल्याकडील मीमांसकही विषय, संशय, पूर्वपक्ष, उत्तरपक्ष अशा क्रमानें प्रश्न सोडवीत. पूर्वपक्ष दुबळा मांडणें हा तेथें दोषच. भारतीय वकील परिषदेच्या 2008 च्या नियमांत विद्यार्थ्यानें वर्षांत निदान तीन असे खटले चालवावे, असें योजिलें आहे. प्रत्येकास 10 गुण. त्यांपैकीं 5 लेखनास व 5 भाषणास. ह्याच अभ्यासाच्या पुढें स्पर्धा झाल्या. आंतरराष्ट्रीय कायद्यावरील प्रसिद्ध ‘जेसप’ स्पर्धा 1960 सालीं अमेरिकेंत सुरू झाली. मुंबईचें शासकीय विधि महाविद्यालय 1855 सालचें, तेथेंही दि. म. हरीश यांच्या स्मरणार्थ अशी आंतरराष्ट्रीय स्पर्धा भरते.

संघांत बहुधा तिघे असतात : दोघे वक्ते आणि एक संशोधक. त्यांच्या हातीं एक लिखित प्रश्न येतो. त्यांतील हकीकत पक्की. तींत पदरचा एक शब्दही घालावयाचा नाहीं.

ह्याचें एक उदाहरण आपल्याच मुलखांतून घडवूं. अणदूरचा खंडोबा वर्षाचा बहुतेक काळ अणदुरास आणि उरलेला काळ नळदुर्गास असतो. दोन्ही गांवांचे मानकरी लेखी करार करितात आणि मूर्ति वाजतगाजत जाते. येथें सामंजस्य आहे, म्हणून तंटा नाहीं. परंतु पूर्ववाडी व पश्चिमवाडी अशीं दोन काल्पनिक गांवें घ्या. त्यांचाही असाच वहिवाटीचा करार होता, आणि एके वर्षीं पूर्ववाडीनें मूर्ति देण्याचें नाकारलें. पश्चिमवाडी न्यायालयांत गेली. झाला प्रश्न तयार!

आतां संघाचें काम सुरू होतें. पूर्वजांचा करार वंशजांस बांधतो काय? वहिवाट पुरातन, अखंड, निश्चित आणि वाजवी आहे काय? शोध घेतां घेतां संशोधकास प्रिव्ही कौन्सिलचा 1925 चा एक निकाल सांपडतो. कलकत्त्याच्या मलिक घराण्यांत पूजेच्या पाळ्या होत्या. आपल्या पाळींत कुलदेवतेची मूर्ति स्वतःच्या घरीं न्यावी, असें एकाचें म्हणणें. प्रिव्ही कौन्सिलनें सांगितलें, कीं मूर्ति ही केवळ जंगम मालमत्ता नव्हे. कायद्याच्या दृष्टीनें ती व्यक्ति आहे. आपण कोठें राहावें ह्याविषयींच्या तिच्या इच्छेचा मान राखला पाहिजे, आणि तिच्या वतीनें बोलण्यास निःस्वार्थी माणूस नेमला पाहिजे.

पूर्ववाडीचा वकील हर्षानें म्हणेल : देव ही वस्तु नव्हे, मग करारानें त्याची नेआण कशी करितां? पश्चिमवाडीचा वकील उत्तर देईल : पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेली यात्रा हीच देवाची इच्छा दाखविते, शिवाय तो निकाल एका घराण्याच्या खाजगी देवाचा, हा दोन गांवांचा सार्वजनिक देव. आणि दोघांनाही तिसरा प्रश्न टाळतां येत नाहीं : ह्या दाव्यांत देवाच्या वतीनें कोण उभा आहे? निकालाचा नुसता मथळा वाचणाऱ्यास ही गोष्ट कधींच दिसली नसती.

नंतर लेखी निवेदन. त्यांत आधारांची सूची, न्यायालयाचा अधिकार, हकीकत, वादप्रश्न, युक्तिवादाचा सारांश, विस्तार आणि शेवटीं प्रार्थना, असा क्रम असतो. निवेदनें दोन्ही पक्षांचीं लिहावीं लागतात. त्यांवर महाविद्यालयाचें नांव नसतें, केवळ सांकेतिक खूण असते. परीक्षकास पुण्यामुंबईचा मुलगा कोणता आणि खेड्यांतला कोणता, हें कळूं नये हा हेतु.

तोंडी फेरींत वेळ मोजका. पाठ केलेलें भाषण दुसऱ्या मिनिटासच मोडतें, कारण न्यायाधीश मध्येंच प्रश्न विचारतात. तेव्हां आधीं ‘होय’ किंवा ‘नाहीं’ म्हणावें, मग कारण द्यावें. ठाऊक नसल्यास तसें नम्रपणें सांगावें. प्रतिकूल निकाल लपवूं नये. तो आपणच काढून आपल्या प्रकरणाहून वेगळा कसा, हें दाखवावें. गुण मिळतात ते मांडणीस; कायदा कोणाच्या बाजूस झुकतो ह्यास नव्हे.

आमच्या भागांतील मुलांस भीति असते ती इंग्रजीची. घटनेच्या 348 व्या अनुच्छेदामुळें उच्च न्यायालयांचें कामकाज इंग्रजींत चालतें, म्हणून बहुतेक स्पर्धाही त्याच भाषेंत होतात. त्यास माझा मास्तरी उपाय असा : युक्तिवाद आधीं मराठींत, घरच्या आजीस पटेल असा मांडा, मग लहान लहान वाक्यांत इंग्रजी करा. ज्याचा विचार सरळ, त्याची भाषाही फार अडखळत नाहीं. तालुक्याच्या न्यायालयांत तर पुढें ही मराठीच उपयोगी पडेल. खर्चाची चिंता असेल त्यांनीं आरंभ आपल्याच महाविद्यालयांतील फेरीपासून करावा. सराव मात्र मध्येंच टोंकणाऱ्या शिक्षकापुढें करावा.

सकाळीं एका पक्षानें आणि दुपारीं त्याच्या विरुद्ध पक्षानें बोलावें लागतें, हा ह्या स्पर्धेचा मोठा लाभ. ज्यानें प्रतिपक्षाची बाजू प्रामाणिकपणें मांडून पाहिली, तो उद्यां अशिलास ‘दावा लावा’ म्हणण्याआधीं ‘तडजोड करा’ म्हणण्याची योग्यता मिळवितो. म्हणून घरच्या मुलानें किंवा मुलीनें अशा स्पर्धेस जाण्याकरितां प्रवासखर्च मागितला, तर तें नाटक समजूं नका. त्या मुलीपुढें उद्यां जो शेतकरी बांधाचे कागद घेऊन बसेल, त्याच्या कामीं ते पैसे येणार आहेत.