रेंजच्या काड्यांवर विसंबू नका

बेळगावच्या उद्यमबागेसारख्या वसाहतींतल्या काही गोदामांत आता वहीऐवजी हातात टर्मिनल आले आहे. पेटीवरचा बारकोड वाचायचा, नोंद वाय-फायवरून सर्व्हरकडे जायची, एवढेच काम. पण मध्येच जोडणी तुटली की नोंद अडकते, संध्याकाळी हिशेबात चार पेट्या कमी भरतात आणि बोलणी खातो तो हमाल, नाहीतर नोंदी करणारी अक्का. ही टर्मिनले बसवून तपासणे हा माझा व्यवसाय. चार पेट्यांवरून कुणाच्या सचोटीवर संशय आलेला मी पाहिला आहे, म्हणून चाचणीत मी घाई करू देत नाही.

मालक मंडळी बहुधा रिकाम्या गोदामात लॅपटॉप फिरवून ‘रेंज फुल्ल आहे’ म्हणतात. त्याला अर्थ नाही. लोखंड रेडिओलहरी परतवून लावते, पाणी त्या पिऊन टाकते. ओतकामाच्या पेट्या छताला भिडल्या किंवा शीतपेयांचे क्रेट रचले की कालची रेंज आज नसते. म्हणून चाचणी भरल्या गोदामातच घ्यावी.

दुसरा गैरसमज म्हणजे अॅक्सेस पॉइंटची ताकद वाढवली की झाले. देवळावरचा भोंगा गावभर ऐकू जातो, पण वेशीवरून मारलेली हाक देवळात पोचत नाही. तसेच हे. टर्मिनलचा अँटेना लहान, त्यातून तो मुठीत झाकलेला. पडद्यावर काड्या भरपूर दिसतात, पण त्याचे उत्तर माघारी जात नाही. आवाज बेताचा ठेवून पॉइंट वाढवणे हाच खरा उपाय. मी सहसा उणे ६७ डीबीएमच्या खाली सिग्नल जाऊ देत नाही. त्यातले ३ डीबी घटले की ताकद निम्मी होते.

२.४ गिगाहर्ट्झवर एकमेकांत न मिसळणारी चॅनेल तीनच : १, ६ आणि ११. शेजारच्या कारखान्याचे वाय-फाय आणि कँटीनचा मायक्रोवेव्हही तिथेच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झवर जागा ऐसपैस, पोच मात्र कमी. २०१८ साली केंद्राने त्याचा मोठा पट्टा उघड्यावर वापरायलाही परवानामुक्त केल्याने अंगणातली सोय झाली.

खरी चाचणी चालण्याची. जो माणूस रोज काम करणार त्याच्याच हातात टर्मिनल द्यायचे, त्याच्याच वेगाने त्याला चालू द्यायचे आणि दर चार पावलांवर एक स्कॅन. २०० स्कॅन केले तर सर्व्हरवर २०० नोंदी सापडल्या पाहिजेत, १९८ नव्हेत. एका पॉइंटकडून दुसऱ्याकडे जाताना टर्मिनल जुन्यालाच चिकटून राहते का, खिशात झोपी गेलेले पुन्हा जागे व्हायला किती वेळ घेते, हेही तेव्हाच कळते.

सगळ्यात अवघड जागा ट्रकची. बंद पत्र्याच्या कंटेनरमध्ये शिरले की आतून हमखास आवाज येतो, ‘कट् आत्री!’ गोदामाच्या मधोमध लावलेला पॉइंट तिथे कामाचा नाही. दारावरच, ट्रकच्या पोटाकडे तोंड केलेला दिशादर्शी अँटेना लागतो. तेवढा खर्च वाचवू पाहणाऱ्यांशी मी वाद घालतो, कारण माल चढतो-उतरतो तिथेच, आणि पेट्यांवरून भांडणे होतात तीही तिथेच.

काम संपल्यावर कच्च्या रेंजच्या जागा दाखवणारा नकाशा मी भिंतीवर लावून येतो, मराठीत आणि कन्नडमध्येही.