परवानगी आधी की यंत्र आधी?

समुद्रात फिरणारं पातं सीलला इजा करील का, हे यंत्र पाण्यात उतरवल्याशिवाय कळत नाही. आणि इजा होणार नाही, अशी खात्री पटल्याशिवाय सरकार यंत्र उतरवू देत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, त्यातलाच हा प्रकार.

स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटं आहेत. तिथं २००३ मध्ये युरोपीय सागरी ऊर्जा केंद्र सुरू झालं. बिलिया क्रू इथं लाटांवर चालणारी यंत्रं तपासतात, तर ईडे बेटाजवळच्या फॉल ऑफ वॉर्नेसमध्ये भरती-ओहोटीच्या प्रवाहावर चालणारी. तिथलं पाणी सेकंदाला चार मीटरच्या आसपास वेगानं धावतं. केबल आणि वीजजोडणी केंद्राची, यंत्र पाहुण्याचं. कागदपत्रांचंही बरंचसं तसंच. तिथले पक्षी, सील, देवमासे, समुद्रतळ यांचा अभ्यास केंद्रानं आधीच करून ठेवलेला असतो. आपल्या यंत्रात वेगळं काय आहे, तेवढं कंपनीनं मांडायचं. परवाना मात्र तिला घ्यावाच लागतो. म्हणजे सूट काही नाही, तोच अभ्यास पुन्हा पुन्हा करणं तेवढं टळतं.

ईडेच्या किनाऱ्यावरून २००५ पासून निरीक्षक दुर्बिणीतून पाण्याकडे पाहून नोंदी करू लागले. तासन् तास समुद्र न्याहाळायचा आणि वर पगार! कवीला हेवा वाटावा असंच हे काम. पण दुर्बिणीला दिसतो तो पाण्याचा वरचा भाग. खाली पात्याजवळ काय घडतं, ते कसं कळणार?

उत्तर आयर्लंडमध्ये स्ट्रँगफर्ड लॉख ही संरक्षित खाडी आहे. तिथं २००८ मध्ये सीजेन हे १.२ मेगावॉटचं यंत्र बसवलं, ते एका अटीवर. सील जवळ आला की पाती थांबवायची. आधी माणूस लक्ष ठेवी, पुढे सोनार आलं. निरीक्षणात मोठा अपाय आढळला नाही. पण पाती फिरतीच राहिली असती, तर सील बाजूला वळला असता की आदळला असता? अटीमुळेच हे कळलं नाही. २०१९ पर्यंत यंत्र पूर्णपणे काढलंही गेलं. अट चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण ज्या अटीनं मूळ प्रश्नच झाकला जातो, ती कायम ठेवण्यात अर्थ नाही.

ऑर्कनी आणि स्कॉटलंडची मुख्य भूमी यांच्यामधल्या पेंटलंड फर्थमध्ये मेजेन प्रकल्पाला २०१३ मध्ये ८६ मेगावॉटची मंजुरी मिळाली, तेव्हा वेगळा मार्ग काढला गेला. पहिल्या टप्प्यात जास्तीत जास्त सहाच यंत्रं, पुढची निरीक्षणानंतर. एका यंत्रावर पाण्याखालचे मायक्रोफोन बसवले. पॉरपॉइज हा डॉल्फिनचा छोटा भाऊबंद वाट शोधण्यासाठी टिकटिक आवाज करतो. त्यावरून त्याचा माग काढला, तेव्हा तो फिरत्या पात्यांना वळसा घालून जातो, असं दिसलं. हे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. सील मात्र तशी टिकटिक करत नाही. त्याच्यासाठी सोनारसारखी वेगळी साधनं लावावी लागतात.