फिजी : उसाची बेटे आणि गिरमिट
ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेस, पॅसिफिक महासागरात, ३०० हून अधिक बेटांचा फिजी हा समूह आहे. व्हिती लेव्हू हे त्यातील सर्वांत मोठे बेट. मधल्या डोंगरांमुळे त्याच्या पूर्वेस पाऊस फार, पश्चिमेस कमी. म्हणून ऊस पश्चिमेस पिकला. १८७४ साली इंग्रजांनी ही बेटे घेतली. १८७९ ते १९१६ पर्यंत ६०,००० हून अधिक हिंदी मजूर पाच वर्षांच्या कराराने तेथे नेले गेले. 'अ‍ॅग्रीमेंट'चे त्यांनी 'गिरमिट' केले. काम टाळले तर दंड, नाहीतर तुरुंग! १९१२ साली नामदार गोखल्यांनी कायदेमंडळात या पद्धतीविरुद्ध ठराव मांडला; तो फेटाळला गेला. अखेर १९२० साली उरलेले करार रद्द झाले. आम्ही कामगार चळवळीतली माणसे यातून एवढेच शिकलो : काम सोडण्याचा हक्क नसेल, तर करारावरचा अंगठा ही बेडीच होय.