गोवर : पुरळ दिसण्याआधीच पसरणारा!

वर्गातला एखादा बाक दोन-तीन दिवस रिकामा दिसला, की कुजबुज सुरू होते. "अरे, त्याला गोवर आलाय म्हणे!" मग शेजारी बसणारा घाबरून स्वतःचे हात न्याहाळू लागतो. कुठे लाल ठिपका तर नाही ना? पण खरी गोम अशी, की ठिपके दिसेपर्यंत गोवराने पुष्कळ घरांत शिरकाव केलेला असतो!

गोवर हा विषाणूमुळे होणारा रोग. रोगी खोकला किंवा शिंकला की विषाणू बाहेर पडतात आणि बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकू शकतात. म्हणजे रोगी निघून गेला, तरी मागून येणाऱ्याला गोवर गाठू शकतो. प्रतिकारशक्ती नसलेली दहा मुले रोग्याच्या सहवासात आली, तर त्यांतल्या नऊ जणांना तो होऊ शकतो.

सुरुवात अगदी साधी असते. ताप, वाहणारे नाक, खोकला, लाल डोळे. "सर्दीच तर आहे!" म्हणून आपण दप्तर उचलून शाळेत जातो. तीन-चार दिवसांनी चेहऱ्यावर, कानांमागे पुरळ उठते आणि अंगभर पसरते. पुरळ उठण्याच्या चार दिवस आधीपासून चार दिवस नंतरपर्यंत रोग्यापासून इतरांना लागण होते.

हे कोडे उलगडायला सुरुवात झाली ती दूर उत्तर अटलांटिक समुद्रात. १८४६ साली डेन्मार्कच्या फेरो बेटांवर बोटीतून एक सुतार उतरला. त्याच्याबरोबर गोवरही उतरला! बेटांवरच्या सुमारे ७,८०० माणसांपैकी ६,००० जण आजारी पडले. सरकारने पीटर पॅनम या तरुण डॉक्टरला तिकडे धाडले. गावोगाव हिंडून त्याने टिपणे केली : कोण कोणाला कधी भेटले, पुरळ कधी उठले? तेव्हा कळले, की लागण झाल्यापासून पुरळ उठेपर्यंत साधारण १४ दिवस जातात.

आणखी एक नवल होते. कित्येक म्हातारी माणसे ठणठणीत होती! ६५ वर्षांपूर्वी, १७८१ मध्ये त्यांना गोवर होऊन गेला होता. शरीराने शत्रूची ओळख इतकी वर्षे जपून ठेवली होती.

मग आजारी न पडताच ही ओळख करून दिली तर? तेच काम लस करते. १९५४ मध्ये अमेरिकेत बोस्टनजवळच्या एका शाळेत साथ आली. तिथल्या डेव्हिड एडमन्स्टन या १३ वर्षांच्या मुलाच्या रक्तातून हा विषाणू वेगळा काढण्यात आला. त्याला दुबळा करून तयार केलेली लस १९६३ मध्ये मिळू लागली. त्याच विषाणूचा एक दुबळा वंशज पुण्यात तयार होणाऱ्या लशीतही वापरतात!

आपल्याकडे ही लस बाळाला ९ ते १२ महिन्यांत आणि पुन्हा १६ ते २४ महिन्यांत देतात. दोन्ही डोस हवेतच. २०२२ च्या अखेरीस मुंबईत, विशेषतः गोवंडी भागात, गोवराची साथ आली आणि काही चिमुकली दगावली. आजारी पडलेल्या कितीतरी मुलांना लस मिळालेलीच नव्हती.

"गोवर काय, निघतो आणि जातो," असे काही घरांत म्हणतात आणि डॉक्टरांकडे जाणे टाळतात. असे करू नका! गोवरातून न्यूमोनिया, जुलाब, कधी मेंदूला सूज असे गंभीर त्रास होऊ शकतात. डोळ्यांनाही इजा होऊ शकते. म्हणून डॉक्टर 'अ' जीवनसत्त्वाचे डोस देतात. ते त्यांच्याच सल्ल्याने घ्यायचे.

मग आपण काय करायचे?

• ताप आणि पुरळ असेल तर डॉक्टरांना दाखवायचे. पुरळ उठल्यावर निदान चार दिवस घरीच थांबायचे.

• खोकताना, शिंकताना तोंडावर रुमाल धरायचा. भरपूर पाणी, पेज, वरणभात घ्यायचा.

• तान्ही बाळे आणि गरोदर बायका यांना रोग्यापासून दूर ठेवायचे.

• आजच आईकडून आपले आणि धाकट्या भावंडांचे लसीकरणाचे कार्ड मागून घ्या. डोस राहिला असेल, तर तो नंतरही घेता येतो. डॉक्टरांना विचारा.

नऊ महिन्यांच्या आतल्या बाळाला सहसा ही लस देत नाहीत. त्याचे रक्षण आपणच करायचे, स्वतः लस घेऊन. आणि हो, त्या रिकाम्या बाकावरच्या मित्राला चिडवू नका हं! त्याचा बुडलेला अभ्यास वहीत उतरवून ठेवा. तो बरा होऊन आला, की त्याच्या हाती द्या.