मातीचे छाननी निकष

मातीचे छाननी निकष म्हणजे दूषित मातीपासून मानवी आरोग्याला धोका संभवतो काय, याचा प्राथमिक अंदाज घेण्यासाठी ठरविलेली प्रदूषकांची मर्यादामूल्ये होत. मातीच्या नमुन्यातील प्रदूषकाचे प्रमाण या मूल्यापेक्षा कमी असल्यास त्या प्रदूषकाची अधिक तपासणी सामान्यतः आवश्यक मानली जात नाही. अधिक असल्यास सविस्तर तपासणी केली जाते. मूल्य ओलांडले गेले म्हणजे अपाय झालाच असे नव्हे.

पार्श्वभूमी

नेदरलँड्समधील लेकरकर्क या गावी घरांखाली रासायनिक कचरा पुरलेला असल्याचे १९८० मध्ये उघडकीस आले आणि रहिवाशांना स्थलांतर करावे लागले. त्यानंतर १९८३ मध्ये त्या देशाने मातीच्या शुद्धीकरणासाठी अंतरिम कायदा केला व प्रदूषकांची मर्यादामूल्ये निश्चित केली. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने १९९६ मध्ये याविषयीची मार्गदर्शिका प्रसिद्ध केली.

निकष ठरविण्याची पद्धत

प्रदूषकाचा उगम, ते शरीरापर्यंत पोहोचण्याचा मार्ग आणि बाधित होणारी व्यक्ती, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या तरच धोका निर्माण होतो. माती तोंडावाटे पोटात जाणे, धूळ किंवा वाफ श्वासावाटे आत जाणे आणि त्वचेशी संपर्क येणे हे प्रमुख मार्ग आहेत. दूषित जमिनीत पिकविलेला भाजीपाला आणि मातीतून झिरपून दूषित झालेले भूजल यांचाही विचार करावा लागतो.

लहान मुले मातीत खेळतात, हात तोंडात घालतात आणि त्यांचे वजनही कमी असते. म्हणून निवासी जमिनीचे निकष बहुधा त्यांना समोर ठेवून ठरविले जातात. अमेरिकी पद्धतीत १५ किलोग्रॅम वजनाचे मूल दिवसाला २०० मिलिग्रॅम माती गिळते असे गृहीत धरले जाते. दर किलोग्रॅम मातीत एखादे प्रदूषक १०० मिलिग्रॅम असेल, तर त्या मुलाच्या पोटात दिवसाला ०.०२ मिलिग्रॅम, म्हणजे वजनाच्या दर किलोग्रॅममागे सुमारे ०.००१३ मिलिग्रॅम प्रदूषक जाते. या मात्रेची तुलना त्या पदार्थाच्या सुरक्षित मानलेल्या दैनिक मात्रेशी केली जाते. कर्करोगकारक पदार्थांसाठी दहा लाखांत एक इतका वाढीव धोका हा छाननीचा आधार धरला जातो.

जमिनीचा वापर

एकाच प्रदूषकाचा निकष जमिनीच्या वापरानुसार बदलतो. जर्मनीच्या १९९९ च्या मृदा संरक्षण अध्यादेशात शिशाची तपासणी मूल्ये दर किलोग्रॅम मातीमागे पुढीलप्रमाणे होती :

• मुलांची क्रीडांगणे : २०० मिलिग्रॅम
• निवासी क्षेत्र : ४०० मिलिग्रॅम
• उद्याने : १,००० मिलिग्रॅम
• औद्योगिक जमीन : २,००० मिलिग्रॅम

त्यामुळे कारखान्याच्या जागेवर घरे बांधावयाची झाल्यास औद्योगिक निकषावर बेतलेला जुना अहवाल पुरेसा ठरत नाही.

मर्यादा

छाननी निकष हे सावधगिरीच्या गृहीतकांवर आधारलेले असतात आणि ज्ञानानुसार ते बदलतात. शिशाची सुरक्षित अशी कोणतीही मात्रा ज्ञात नाही. अमेरिकेने निवासी मातीतील शिशाची छाननी पातळी जानेवारी २०२४ मध्ये दर किलोग्रॅम ४०० वरून २०० मिलिग्रॅमवर आणली. अंगणातील माती तीच राहिली, तिचा अर्थ मात्र बदलला. याउलट आर्सेनिकचे अमेरिकी निवासी मूल्य इतके कमी आहे की अनेक ठिकाणची नैसर्गिक मातीही ते ओलांडते. म्हणून स्थानिक मातीतील मूळ प्रमाण माहीत असणे आवश्यक ठरते. नमुने अपुरे किंवा चुकीच्या जागी घेतले असल्यास निष्कर्ष फसवे ठरतात. परदेशी मूल्ये जशीच्या तशी स्वीकारताना अनवाणी वावर, कच्ची अंगणे व आहार यांतील फरकही लक्षात घ्यावा लागतो.

छाननी मूल्य आणि शुद्धीकरणाचे लक्ष्य या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तमिळनाडूतील कोडाईकनाल येथील थर्मामीटर कारखाना २००१ मध्ये बंद झाल्यानंतर तेथील मातीतील पाऱ्यासाठी दर किलोग्रॅम २० मिलिग्रॅम हे लक्ष्य ठरविण्यात आले. लगतच्या वनक्षेत्राचा विचार करता ते सैल असल्याचा आक्षेप नागरिक संघटनांनी घेतला.

भारतातील तरतूद

केंद्र सरकारने जुलै २०२५ मध्ये दूषित स्थळांच्या व्यवस्थापनासाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यांनुसार संशयित स्थळे निश्चित करणे, त्यांची प्राथमिक व नंतर सविस्तर तपासणी करणे आणि आवश्यक तेथे शुद्धीकरण करणे असा क्रम आहे.